नासक्या अंड्यांचा चुरा

कोंबडी काय खाती ते बघायला सारं गाव आमच्या अंगणात जमा झालं व्हतं. त्या साली आमी काय खात व्हतो ते बघायला मातुर कुत्रंसुदिक फिरकलं न्हाय. हे आधीच सांगून ठिवते. पुढं माझा आवाज चढला तर कुणी नावं ठिवू नका.

साल लढाईचं, राज निजामाचं. आमचं गाव बोरी नदीच्या काठाला, नळदुर्गापासून तीन कोस. मागल्या सुगीला सरकारी लेव्हीची, सक्तीनं धान्य वसूल करणारी माणसं आली आन् खळ्यावरची ज्वारी पोत्यात भरून घेऊन गेली. आमच्या वाट्याला राहिली ती खळं झाडून निघालेली, निम्मी माती. त्यात श्रावणात पाऊस गेला तो गेलाच. घरात आमी तिघं. म्या, माझी सासू सिताबाई आन् मालक. मालकाचं नाव बब्रुवान. आता ते न्हाईत म्हणून तोंडानं घेते, तवा घेत नव्हते.

शेत खडकाळ, म्हणून आमी पाटलाच्या कोंबड्या अर्धलीनं पाळायचो. पाटील म्हंजी हिंमतराव. कोंबड्या आन् अंडी त्याची, उबवणं आन् वाढवणं आमचं. पिल्लं हाताला आली की निम्मी त्याची, निम्मी आमची. त्या भादव्यात पाटलीण कस्तुराबाईनं चार खुडूक कोंबड्या आन् साठ अंडी पाठवली. खुडूक कोंबडी अंडं घालायचं सोडती आन् उबवायला बसायचाच हट्ट धरती. जवळ हात नेला की टोच मारती. अशा कोंबडीखाली अंडी मांडायची, तिला रवण घालणं म्हणायचं.

म्या चार डालग्यांत राख पसरली, राखंवर भुसकट, त्यावर पंधरा-पंधरा अंडी. प्रत्येक रवणीत कोळशाचा तुकडा आन् लोखंडी खिळा. आभाळ गडगडलं तर आतला जीव दचकत न्हाय म्हणतेत. त्या साली आभाळ गडगडलंच न्हाय ती गोष्ट निराळी.

सातव्या दिवशी अंडी तपासायची. माळवदाला उजेडासाठी भोक ठिवलेलं असतं, त्याला आमी सवणं म्हणतो. भर दुपारी दार लावलं की घरात अंधार व्हतो आन् सवण्यातून उन्हाचा कवडसा खाली येतो. त्यात अंडं मुठीत धरायचं. लाल शिरा दिसल्या की जितं. कोरं पिवळं दिसलं की वांझ, ते बाजूला. साठातली अकरा वांझ निघाली. एकविसाव्या दिवशी पस्तीस पिल्लं फुटली आन् चौदा कवचातच राहिली. काही चोच बाहेर काढून मेली, काही तेवढीबी न्हाय.

आता ऐका. आमच्याकडची रीत अशी, की वाटणी पिल्लांची व्हती. कवचं, वांझ अंडी, आत मेलेली पिल्लं, हे कुणाच्याच वाट्यात धरत न्हाईत. ते उकिरड्यावर जातं. तरी म्या पाटलीणबाईला विचारायला गेले. ती उंबऱ्यातनंच म्हणाली, "जगदेवी, असली घाण माझ्या दारात आणू नगं गं बाई. तुझं तू काय करायचं ते कर." रेवणसिद्ध, त्यांचा गडी, तिथंच वैरण तोडत व्हता. त्यानंबी ऐकलं.

पिल्लं फुटली खरी, पण घालू काय? एरवी आमी ज्वारीची कणी घालतो. कणी असती तर आमीच शिजवून खाल्ली असती. वारुळाची माती खणून वाळवी आणायचे, तेवढ्यावर पस्तीस पोटं भरत्यात व्हय? आठवड्यात चार पिल्लं पाय फाकून बसली, परत उठलीच न्हाईत. हातात घेतलं की नुसती पिसं.

एक दिवस दुपारची म्या उकिरड्यापाशी शेण टाकत व्हते. एका कोंबडीनं उकरून उकरून वांझ अंडं फोडलं. पिल्लांना हाक मारली आन् पिल्लं त्यावर तुटून पडली. कवचाचे तुकडेसुदिक गिळले. म्या तशीच शेणाच्या हातानं उभी राहिले. मंग चार दिवस तिच्यावर नजर ठिवली. बाकीच्या पिल्लांना धड उभं राहवत नव्हतं आन् हिची पिल्लं माझ्या पायावरनं उड्या मारत व्हती. मनात म्हणलं, अगं जगदे, हे तर तू स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकत आलीस.

चौथ्या दिवशी म्या चूल मांडली. घरातली न्हाय, घरामागच्या परड्यात तीन धोंड्यांची. ज्या अंड्याला वास मारत व्हता ते लांब नेऊन पुरलं. बाकीचं फुटक्या मडक्यात घालून, कडूलिंबाचा पाला टाकून, पाणी दोनदा आटंस्तवर उकडलं. आत पिल्लू असंल तर तेबी. मंग कवचासकट सगळं चेचलं आन् माळवदावर फुटक्या पत्र्यावर पसरून बोरीच्या काट्या झाकल्या. तीन दिवस ऊन दिलं. तोवर आणखी सात पिल्लं गेली, चोवीस उरली. वाळून खडखडीत झालं की जुन्या दगडी उखळात कुटायचं आन् फडक्यातनं गाळायचं. एक मूठ चुरा, तीन मुठी कोंडा, वाळलेला शेवग्याचा पाला. पाण्याचा हबका मारून घातलं की पिल्लं थाळी चाटून पुसून घ्यायची.

आत्यांना, म्हंजी माझ्या सासूला, ते बघवंना. त्या परड्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "जगदे, कोंबडी स्वतःचं अंडं खायला शिकली तर उद्या घातलेलं अंडं फोडंल. मंग काय करशील?"

"म्हणून तर वळखू येऊ नये इतकं बारीक कुटते, आत्या. अंडं कच्चं तिच्या नजरंला पडूच देत न्हाय."

"आन् आत मेलेलं लेकरू? ते त्याच्याच भावंडाला?"

म्या मुसळ खाली ठिवलं. खरं सांगते, तो सवाल मलाबी रात्रंदिस टोचत व्हता. म्हणलं, "आत्या, जे गेलं ते गेलं. जे जितं हाय ते माझ्यासमोर पाय फाकून मरतंय. त्याला बघू का ह्याला बघू?"

आत्या घरात गेल्या. जरा वेळानं येऊन उखळाशी बसल्या आन् फडकं धरलं. तवापासनं गाळणं त्यांचं.

पण पंचवीस अंड्यांचा चुरा किती दिवस पुरणार? मंग म्या पाटी घेऊन गावात निघाले. ज्या ज्या घरी रवण बसली व्हती तिथं मागायला. "काकू, न फुटलेली टाकू नका, मला द्या. टरफलंबी द्या." कुणी हसून दिली. कुणी दारातनं फेकून दिली, ती उचलून घेतली. एका घरी तर म्हातारीनं लुगड्याचा पदर नाकाला लावला आन् म्हणाली, "ठेव ठेव पाटी लांब, आमची चूल पेटलेली हाय." आडावर पाण्याला गेले की बाया घागरी बाजूला सरकवायच्या. मढंखाऊ कोंबड्यांची जगदेवी, असं नाव पडलं माझं. लाज वाटली का? वाटली की. घरी येऊन रडले का? रडले. पण पाटी रिकामी आणली न्हाय एकदाबी.

दिवाळीच्या आधी चावडीवरनं बोलावणं आलं. मालकाचा चेहरा उतरला. म्हणाले, "तू गप ऱ्हा. म्या बोलतो." चावडीवर गेल्यावर त्यांनी हात जोडले आन् जोडलेलेच ठिवले.

हिंमतराव पाटील लोडाला टेकून बसलेला. पुढं गाव. खंडोबाच्या देवळाची झाडलोट करणारे बलभीमबाबा ताट घेऊन उभे. ताटात बेल आन् भंडारा. तो उचलून घेतलेली शपथ कुणी मोडत न्हाय.

पाटील म्हणाला, "बब्र्या, तुझी बायको माझ्या वाट्याच्या पिल्लांस्नी मढी घालती म्हणं."

म्या बोलले. "पिल्लं जगली त्याच्यावर. उरलेली चोवीस हायती, येऊन बघा."

"तुला कोण बोललं गं? बाटवलीस माझी कोंबडी! आजपासनं वाटणी. बारा माझी, बारा तुमची. माझ्या बारांच्या पायाला तांबडा दोरा बांधायचा. मोठी हुस्तवर ती तुमच्याच दारात, रीत हाय ती. पण त्यांच्या तोंडाला ती घाण लागता कामा नये. उचल भंडारा आन् म्हण, जलमभर पाटलाच्या कोंबडीला हे खाणं घालणार न्हाय."

"मंग तुमच्या पिल्लांना काय घालू? कोंडा द्या, कणी द्या."

"उकरून खातील. कोंबडीला कुणी जेवाय वाढतं व्हय?" सगळी हसली.

म्या मुठीत बेल-भंडारा उचलला आन् सांगितलं तसं म्हणले. पिवळे हात घेऊन उभी राहिले. पाटलाला तेवढ्यानं भागलं न्हाय. गावासमोर मोठेपणा दाखवायचा व्हता. तो स्वतः उठला, त्यानं ताटात हात घातला आन् म्हणाला, "म्याबी उचलतो. ह्यांच्या मढंखाऊ कोंबडीचं पीस माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. माझ्या ताटात न्हाय, माझ्या पाव्हण्याच्या ताटात न्हाय. खंडोबा बघून घेईल!"

बलभीमबाबांनी ताट कपाळाला लावलं. कुणी सांगितलं नव्हतं पाटलाला भंडारा उचलायला. स्वतःच्या हौसंनं उचलला.

मंग मालकानं परड्यात तुराट्यांचा कूड घातला. कुडाच्या अलीकडं आमची बारा, पलीकडं तांबड्या दोऱ्याची बारा. त्याच चार रवणींची, एकाच दिवशी फुटलेली, त्याच आयांची. एवढाच फरक, की अलीकडं चुरा आन् पलीकडं न्हाय. वाळवी मिळाली तर म्या दोन्हीकडं सारखी टाकायची. वाळवीचा भंडारा उचललेला नव्हता.

महिना-दीड महिन्यात डोळ्यांनी दिसाय लागलं. आमच्या कोंबड्यांच्या छातीला मांस धरलं, तुरे लाल झाले, पिसं चमकाय लागली. हातात घेतली की भार लागायचा. पलीकडची तशीच, उंच पायाची, मान तेवढी लांब. छातीचं हाड सुरीवानी वर आलेलं. माझ्या हातात थाळी दिसली की ती कुडाच्या फटीतनं माना घालायची. चोची उघडून वरडायची. मला सांगा, त्यांनी काय पाप केलं व्हतं? एक दिवस आत्या म्हणाल्या, "घाल गं एक मूठ. कोण बघतंय?"

"खंडोबा बघतोय. आन् बघत नसला तरी म्या बघतेय. पाटलानं माझ्या तोंडून वदवून घेतलंय ना? मंग आता पाळते, शेवटापत्तोर पाळते." असं बोलले आन् तिकडं तोंड करून बसले. थाळी रिकामी हुस्तवर तिकडं बघितलं न्हाय. चोच मारल्याचा आवाज मातुर येत राहिला.

पलीकडची पाच मेली. प्रत्येक मेलेल्या पिल्लाचा दोरा म्या सोडून पाटलाच्या घरी पोचता केला. आमचं एक मांजरानं नेलं. राहिली आमची अकरा. त्या अकरांवर आमची सुगीपत्तोरची भाकर व्हती. नळदुर्गाला एक दलाल व्हता, तो कोंबड्या सोलापूरला पाठवायचा आन् बदल्यात ज्वारी द्यायचा. मालक जाऊन त्याच्याशी बोलून आले व्हते. पौषी पुनवंला खंडोबाची जत्रा, त्या दिवशी कोंबड्या न्यायच्या. घरात तवा आंबाडीचा पाला उकडून खात व्हतो. आत्यांच्या पायावर सूज आलेली. म्या अंगणात बसून कोंबड्या मोजायचे. अकरा. परत मोजायचे.

जत्रा चार दिवसांवर आली आन् गावात सरकारी साहेबाचा दौरा आला. साहेब चावडीपुढं लिंबाखाली तंबूत उतरला. दौरा म्हंजी रसद. लाकूड, दूध, वैरण, कोंबड्या, सगळं गावानं फुकट पुरवायचं आन् वर हात जोडून उभं राहायचं. साहेबाच्या खानसाम्याला आठ कोंबड्या पायजे व्हत्या. पाटलानं मिजाशीत आपल्या वाट्याच्या सातबी मागवून घेतल्या.

ऊन तापायच्या आत सगळी वरात आमच्या दारात. पुढं खानसामा, पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर फडकं. मागं चपराशी, पाटील, रेवणसिद्ध आन् त्यांच्या मागं गाव. खानसाम्याच्या हातात तांबड्या दोऱ्याची एक कोंबडी, पंखाला धरून लोंबत व्हती. त्यानं ती पाटलापुढं धरली. "ये क्या दिए पटेल? हड्डियाँच हड्डियाँ हैं. इसका सालन करूँ क्या ताबीज बनाऊँ?" आन् मंग त्याची नजर माझ्या अकरांवर गेली. वाकून त्यानं एक उचलली, छाती चाचपली. "वाह! ये होती मुर्गी. किसकी है?"

पाटील पटकन म्हणाला, "माझीच, खाँसाब. माझ्याच अंड्यांची. ह्यांनी नुसत्या सांभाळल्या."

म्या खुराड्यापुढं गेले. "वाटणी झालेली हाय. ह्यांच्या पायात दोरा हाय का? सगळ्या गावापुढं वाटणी झाली."

"कोंबड्या तुझ्या असतील," पाटील म्हणाला, "पण वाढल्या कशावर? माझ्या अंड्यांवर. वांझ माझी, नासकी माझी, टरफलंबी माझी. तू माझा माल माझ्या परवानगीबिगर घातलास. त्यामुळं ह्या अंगावरचं मांस माझं."

असं बोलणं तुमी कधी ऐकलंय? उकिरड्यावरचं त्याचं! म्हणलं, "पाटील, तुमची पाटलीण म्हणाली, ही घाण माझ्या दारात आणू नगं. रेवणसिद्धा, तू व्हतास तिथं. बोल की."

रेवणसिद्धानं मान खाली घातली. न्हाय म्हणला न्हाय, एवढं खरं.

तेवढ्यात गर्दीतनं कुणीतरी वरडलं, "खाँसाब, मेलेली पिल्लं खाऊन वाढल्यात त्या!"

खानसाम्यानं हातातली कोंबडी एकदम खाली सोडली. "मुर्दार खाती? फिर तीन दिन बंद रखना पड़ता, साफ दाना खिलाना पड़ता. साहेब तो कल जारे."

हितं एक क्षण असा आला, की म्या नुसतं व्हय म्हणले असते तर सुटले असते. मुर्दार म्हंजी मढं खाणाऱ्या कोंबड्या, घाण कोंबड्या, साहेबाला नकोत, चला. मालकानं माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत तेच व्हतं, व्हय म्हण. पण तीन महिने दारोदार पाटी घेऊन हिंडले ते मला आठवलं. पदर नाकाला लावणारी म्हातारी आठवली. जीभ वळली न्हाय.

आन् पाटलालाच घाई झाली. साहेबाची कोंबडी हुकंल म्हणून तो म्हणाला, "न्हाय न्हाय खाँसाब! गावाची तोंडं हायती ती. चांगलं खाणं हाय ते. उकडलेलं, वाळवलेलं. अंडंच की शेवटी!"

"ऐकलं का रं गावा?" म्या वरडले. "आडावर घागरी सरकवणाऱ्या कुठं हायती? पाटील काय म्हणाला ऐका. चांगलं खाणं हाय!"

म्या घरात गेले, गाडग्यातनं चुऱ्याची मूठ आणली आन् खानसाम्यापुढं हात केला. त्यानं वास घेतला, बोटांत चोळून बघितलं. म्या सगळ्यांदेखत चिमूटभर तोंडात टाकला आन् गिळला. दातात खरखर झाली. घास कोरडा व्हता, पण उतरला. "ह्यात अंडं हाय, टरफल हाय, कोंडा हाय, शेवगा हाय. आत मेलेलं पिल्लूबी हाय, खोटं कशाला बोलू? नासकं म्हणून तुमी टाकलं. म्या त्यातलं वास मारणारं पुरलं, बाकीचं दोनदा पाणी आटवून उकडलं, तीन दिवस ऊन दिलं. एकाच दिवशी फुटलेली चोवीस पिल्लं व्हती. ज्यांना हे घातलं ती ही. ज्यांना पाटलानं घालू दिलं न्हाय, ती तुमच्या हातात आल्ती मगाशी. आता तुमीच सांगा घाण कुठली."

खानसामा दाढी खाजवत राहिला. पिल्लाचं नाव ऐकून तो जरा मागं सरला व्हता. पण नजर कोंबडीवरनं हालंना. शेवटी चपराशाकडं वळला. "साहेब को पूछ के आ. बोल, मुर्गी अच्छी है, मगर खाने का झगड़ा है."

चपराशी पळत गेला, पळत आला. "साहेब बोलते, झगड़े से मतलब नहीं. आठ उठाव."

असं असतंय. मूठभर खरं बोललं आन् त्यानंच कोंबड्या जायची वेळ आली. चपराशी पुढं सरला. अकरा कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. म्या काय केलं, मला विचार करायलाबी वेळ नव्हता. दोन्ही हातांनी रेटून त्यांना मोठ्या डाल्याखाली घातलं आन् डाल्यावर बसले. वेळूचं डालं माझ्या भारानं करकरलं. खाली कोंबड्यांची फडफड मांडीला लागत व्हती. म्हणलं, "आधी मला उचला."

चपराशी थबकला. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा? त्यानं पाटलाकडं बघितलं. पाटील लाल झाला. "बब्र्या, उठव तिला! न्हायतर उद्यापासनं गावात पाणी भरून दाखव!"

मालक उठले. मला वाटलं, झालं. हे आता माझा दंड धरणार. ते आले आन् डाल्याला टेकून माझ्या पायाशी मांडी घालून बसले. दोन्ही हातांनी त्यांनी डाल्याचा काठ धरला. आयुष्यात पहिल्यांदा ते हात जोडलेले नव्हते.

"रेवण्या, उठव दोघांस्नी!" पाटील वरडला.

तवा गर्दीतनं बलभीमबाबा काठी टेकत पुढं आले. ऐंशी वर्षांचा माणूस. आवाज बारीक, पण सगळ्यांनी ऐकला. "पाटील, ती डाल्यावर बसली न्हाय. तुमच्या भंडाऱ्यावर बसलीया. ताट म्या धरलं व्हतं. माझ्या ताटात न्हाय, माझ्या पाव्हण्याच्या ताटात न्हाय, असं तुमी म्हणालात. साहेब तुमचा पाव्हणा. तिला उठवायचं तर तुमी स्वतः उठवा, गड्याला सांगू नका. चार दिवसांवर जत्रा हाय."

पाटील उभाच राहिला. त्याचा हात वर आला, मिशीपत्तोर गेला आन् खाली आला. चावडीवर ज्या लोकांपुढं त्यानं मोठेपणानं भंडारा उचलला व्हता, तीच लोकं आता त्याच्या हाताकडं बघत व्हती.

खानसाम्यानं बलभीमबाबांना विचारलं काय ते. समजल्यावर तो खांद्यावरचं फडकं झटकत म्हणाला, "कसम की मुर्गी मेरे को नक्को. पेट में अटकती." आन् पाटलाच्या खांद्यावर हात ठिवून गोड बोलला, "पटेल, तुम्हारे गोठे में वो काला बकरा देखा मैं. अच्छा पला है. वोच चलता."

ते बोकड पाटलानं जत्रंला खंडोबासाठी पोसलेलं. वर्षभर. गाव तोंडाला पदर आन् पटक्याचे शेव लावून हसलं. वरात परत फिरली. म्या मातुर डाल्यावरनं उठले न्हाय. गावाबाहेर साहेबाच्या घोड्यांचा धुरळा दिसंस्तवर उठले न्हाय. दुसऱ्या दिवशी दिसला तो. मधी आत्यांनी तिथंच भाजी आणून भरवली.

फुकट काही मिळत न्हाय. पाटलानं खुडूक कोंबड्या काढून नेल्या, अर्धल मोडली. चार महिने आमाला त्याच्या रानातनं वाट न्हाय, त्याच्या विहिरीचं पाणी न्हाय. मालक लांबनं वळसा घालून शेताला जायचे. पण पौषी पुनवंला आमी अकरातल्या नऊ कोंबड्या नळदुर्गाला नेल्या आन् ज्वारी घेऊन आलो. दलालानं कोंबडी उचलून बघितली आन् विचारलं, "काय घालता हो बाई हिला?" म्या सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा करते.

त्या संध्याकाळी आत्यांनी भाकरी थापल्या. सुजलेले पाय पसरून बसल्या आन् तीन भाकरी खाल्ल्या. खाताना रडत व्हत्या. आमी दोघं बघितलं न बघितल्यासारखं करून जेवलो.

दोन कोंबड्या ठिवल्या व्हत्या त्यांचीच पुन्ना पैदास केली. गावच्या बायाबी हळूहळू याय लागल्या. आधी मागल्या दारानं, मंग पुढल्या. पदराखाली न फुटलेली अंडी. "जगदेवी, किती उकडायचं गं? पाणी दोनदा आटवायचं का तीनदा?" घागर सरकवणाऱ्याच सगळ्या. म्या सांगितलं. समद्यांना सांगितलं. पदर नाकाला लावणाऱ्या म्हातारीला तर कुटूनबी दिलं.

पुढल्या भादव्यात, रवणी फुटायच्या वेळेला, रेवणसिद्ध पाटी घेऊन दारात आला. पाटीवर फडकं. फडक्याखाली अंडी, टरफलं. भर उन्हात डोक्यावर घेऊन आला व्हता, वास सुटलेला.

"पाटलीणबाईनं पाठवलंय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पिल्लं मरायला लागलीत. पाटीलबी म्हणाले, जा. तेवढा चुरा करून द्या म्हणालेत. निम्मा तुमाला ठिवा."

म्या फडकं नीट झाकलं. पाटी उचलून परत त्याच्या डोक्यावर ठिवून दिली.

"पाटलीणबाईला म्हणावं, शिकायचं असंल तर स्वतः येऊन माझ्या उखळाशी बसा. लपवणार न्हाय. आन् पाटलाला सांग, जगदेवीच्या हातनं त्यांच्या कोंबडीला ह्यातला दाणा मिळायचा न्हाय. जलमभर. मला काय, म्या कवाच दिला असता. पण त्यांनीच भंडारा उचलायला लावलाय."